आवाज कुणाचा?

गाडी फास्ट हवी, हलकी हवी आणि तिचा आवाज नाक्यापलीकडे जायला हवा. एका वयात एवढंच पुरेसं वाटतं. पण एक चिठ्ठी येते, कपाटातून एक जुना कागद निघतो आणि सायलेन्सरचं डिझाइन पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं...

माझी गाडी माझ्या आधी घरी पोचायची. म्हणजे मी अजून माजिवड्याच्या सर्व्हिस रोडवर रिक्षांच्या गर्दीत अडकलेला असायचो आणि दुसऱ्या मजल्यावर बाबा उठून गॅसवर चहाचं आधण ठेवायचे. मी पार्किंग करून, लिफ्टची वाट बघून, शेवटी वैतागून जिने चढून वर जाईपर्यंत चहा गाळलेला असायचा. टायमिंग एकदम परफेक्ट!

यात काय विशेष, असं तुम्ही म्हणाल. विशेष हे, की बाबांना नीट ऐकू येत नाही. दाराची बेल नाही, कुकरची शिट्टी नाही, मोबाइलची रिंग नाही. माझी बायको त्यांना एखादी गोष्ट दोनदा सांगते आणि तिसऱ्यांदा सरळ कागदावर लिहून देते. मी बोललो की ते मान डोलावतात आणि भलतंच उत्तर देतात. पण माझी गाडी त्यांना ऐकू यायची. थेट नाक्यावरून.

गाडी म्हणजे होंडा सिटी व्हीटेक, २००२ सालची. ज्यांना गाड्यांचं वेड आहे त्यांना पुढचं सांगायला नको. ज्यांना नाही त्यांच्यासाठी: २००० साली ही आली तेव्हा दीड लिटरच्या इंजिनातून १०६ हॉर्सपॉवर ही गोष्ट आपल्याकडच्या मध्यमवर्गीय सेडानमध्ये कुणी ऐकलेली नव्हती. २००३ मध्ये नवं मॉडेल आलं आणि ही गेली. आमच्या कॉलेजात ज्याच्या वडिलांकडे व्हीटेक होती त्याला कॅण्टीनमध्ये स्वतःचे पैसे द्यावे लागायचे नाहीत. मी माझी घेतली २०१६ मध्ये, सेकंडहॅण्ड, ऐपत आली तेव्हा. तोवर ती चौदा वर्षांची म्हातारी झाली होती. पण प्रेम आंधळं असतं, हे काय मी तुम्हाला सांगायचं?

प्रेम बहिरंही असतं. पहिल्याच महिन्यात मी कंपनीचा सायलेन्सर काढून 'फ्री फ्लो' बसवला. अडीच इंची जाड पाइप, मागे स्टीलचा चकचकीत डबा, आत नावापुरती जाळी. जुना सायलेन्सर भंगारवाल्याने किलोवर नेला. 'बॉस, पंधरा हॉर्सपॉवर तरी वाढले असतील,' मित्र म्हणाले. मलाही तसंच वाटलं. आवाज वाढला की ताकद वाढल्यासारखी वाटतेच. एकांकिका स्पर्धांमध्ये 'अरे आवाज कुणाचा' ओरडून घसे बसवून घेतलेली आमची पिढी. आवाज ज्याचा, करंडक त्याचा, हा हिशेब रक्तातच होता.

चिठ्ठी आणि कागद

२०१९ च्या पावसाळ्यात आमच्या दाराच्या फटीतून एक चिठ्ठी आत आली. खालच्या मजल्यावरच्या वहिनींची. त्यांना दोन महिन्यांचं बाळ होतं. भांडण नाही, सोसायटीकडे तक्रार नाही, काही नाही. सुवाच्य अक्षरात फक्त एवढंच: 'दादा, तुमची गाडी आली की बाळ दचकून उठतं आणि मग तासभर झोपत नाही. रात्री उशीर झाला तर गेटपाशी गाडी बंद करून ढकलत आत आणता येईल का? मी ह्यांना मदतीला पाठवेन.'

त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. शिव्यांना उत्तर देता येतं. 'ह्यांना मदतीला पाठवेन' याला काय उत्तर देणार?

चिठ्ठी बाबांच्या हातात पडली होती. त्यांनी ती दोनदा वाचली, घडी करून मला दिली आणि कपाटातून एक जुना कागद काढून माझ्यापुढे ठेवला. त्यांच्या कानांच्या तपासणीचा रिपोर्ट, रिटायर झाले त्या वर्षीचा. एक आलेख. डावीकडे, म्हणजे खालच्या सुरांकडे, रेषा बऱ्यापैकी वर. मग हजार हर्ट्झच्या पुढे घसरगुंडी आणि चार हजारांपाशी थेट दरी.

मी पाइपिंग इंजिनीअर आहे. आलेख वाचणं हे माझं रोजचं काम. आणि हा आलेख माझ्या घरातल्या कपाटात इतकी वर्षं पडून होता, मी तो कधी बघितला नव्हता.

बाबांनी एकतीस वर्षं वागळे इस्टेटमध्ये प्रेस शॉपमध्ये काढली. नव्या ठाणेकरांसाठी सांगतो, १९६२ मध्ये एमआयडीसी सुरू झाली ती याच वागळे इस्टेटपासून. नितीन कंपनी, कॅडबरी, गोल्डन डाइज... आपल्याकडे नाक्यांना कंपन्यांची नावं आहेत, ती उगीच नाहीत. पत्रा प्रेसखाली सरकवायचा, पॅडल, धाड! पुन्हा पत्रा, पुन्हा धाड. आपल्या नियमांप्रमाणे कारखान्यात आठ तासांना ९० डेसिबल ही मर्यादा. बाबांच्या शॉपमध्ये ती कुणी मोजली होती का, देव जाणे. 'कानात कापूस घालायचो,' ते म्हणाले, 'आणि एकमेकांचे ओठ वाचायचो.'

सततच्या दणक्यांनी कानातल्या ज्या बारीक पेशी मरतात त्या पुन्हा येत नाहीत, आणि वरच्या सुरांच्या आधी मरतात. 'स', 'श', 'च', 'फ' ही अक्षरं वरच्या सुरांत असतात. बेल, शिट्टी, लहान मुलाचा आवाज, सगळं तिथलंच. खालचे सूर मात्र टिकून राहतात. म्हणून माझं बोलणं त्यांना कळत नव्हतं आणि माझ्या गाडीचा घुमारा कळत होता.

'चांगलं मशीन आवाज करत नाही रे,' बाबा म्हणाले. 'आवाज आला म्हणजे कुठंतरी काहीतरी सैल आहे. माझे कान गेले ते पोटासाठी गेले. त्या बाळाचे कशासाठी?'

पुढच्या रविवारी मी कुर्ल्याच्या भंगार बाजारात जाऊन व्हीटेकचा ओरिजिनल सायलेन्सर शोधून आणला. जेवढ्याला विकला होता त्याच्या कैक पटीने जास्त पैसे मोजून. गाडी गप्प झाली. बाळ झोपलं. आणि त्या संध्याकाळी मी घरी पोचलो तेव्हा गॅसवर चहा नव्हता. बाबा टीव्हीसमोर बसले होते. मी समोर जाऊन उभा राहिलो तेव्हा दचकून म्हणाले, 'आलास कधी?'

चार किलोंचा प्रश्न

पण डोक्यातला किडा काही झोपेना. कंपनीचा सायलेन्सर बसवण्याआधी मी तो वजनकाट्यावर ठेवला होता: १४.२ किलो. फ्री फ्लो होता १२.६. म्हणजे बाळाची झोप उडवून मी वाचवले किती, तर दीड किलो! मग प्रश्न पडला, की दहा किलोंच्या आत बसेल आणि तरीही कंपनीच्या सायलेन्सरइतकाच गप्प राहील असा पाइप करता येईल का? दिवसभर ऑफिसात रिफायनरीचे पाइप काढायचे आणि रात्री घरी गाडीचे. बायको म्हणाली, 'तुझ्या पत्रिकेतच पाइप आहे.'

आधी कट्ट्यावरची एक अंधश्रद्धा मोडायला हवी. 'इंजिनाला थोडा बॅकप्रेशर लागतोच,' असं प्रत्येक ग्रुपमधला एक तरी एक्स्पर्ट सांगतो. इंजिनाला बॅकप्रेशर नको असतो. त्याला हवा असतो वेग. ठाणे स्टेशनचा पूल आठवा. लोकल येते, गर्दीचा लोंढा पुलावर चढतो. लोंढा वेगाने पुढे सरकला तर मागे जागा होते आणि पुढच्या गाडीची माणसं तीत ओढली जातात. एक्झॉस्टमध्ये नेमकं हेच होतं. सिलिंडरमधून जळालेला वायू सलग येत नाही, लोंढ्यांनी येतो. ६८०० आरपीएमला एकेका सिलिंडरमधून सेकंदाला जवळजवळ सत्तावन्न लोंढे. पुढे गेलेला लोंढा मागे कमी दाब ठेवतो आणि पुढच्याला खेचून घेतो. दोन लोकल एकाच वेळी आल्या तर मात्र पुलावर चेंगराचेंगरी. म्हणून चांगल्या हेडरमध्ये चार नळ्यांच्या आधी दोन आणि मग दोनाची एक करतात. पहिल्या आणि चौथ्या सिलिंडरची जोडी, दुसऱ्या आणि तिसऱ्याची जोडी, म्हणजे एका जोडीतले लोंढे समान अंतराने येतात.

आणि पूल दुप्पट रुंद केला तर? माणसं रेंगाळतात. अडीच इंची पाइपचं हेच झालं होतं. दीड लिटरच्या इंजिनाला तो पाइप म्हणजे हडकुळ्या माणसाने घातलेला मोठ्या भावाचा शर्ट. वायू त्यात सुस्तावतो, थंड होतो, वेग हरवतो. खालच्या आरपीएमला गाडी मेल्यासारखी उचलायची ती त्यामुळेच. मी हिशेब करून दोन इंचावर आलो. पाइप बारीक झाला, की वजनही आपोआप उतरतं.

मग धातू. सोळा गेजचा साधा लोखंडी पाइप दोन इंचात मीटरमागे दोन किलोच्या जवळ जातो. अठरा गेज, म्हणजे १.२ मिलिमीटर जाडीचं ३०४ स्टेनलेस घेतलं तर दीड किलो. टायटॅनियमची घनता स्टीलच्या जेमतेम सत्तावन्न टक्के. त्याच मापात मीटरला साधारण साडेआठशे ग्रॅम. स्लोव्हेनियाच्या अक्रापोविच कंपनीचे टायटॅनियम एक्झॉस्ट रेसिंगच्या बाइकवर बघितले असतील तुम्ही, ते निळसर जांभळे झालेले. बघितले असतील तर बघण्यातच समाधान माना. मी किंमत काढली आणि टॅब बंद केला. स्टेनलेस झिंदाबाद!

आता आवाज. कंपनीच्या सायलेन्सरमध्ये आत कप्पे असतात. वायू एका कप्प्यातून दुसऱ्यात वळत जातो आणि ध्वनीच्या लाटा एकमेकांना मारतात. गप्प, पण जड. दुसरा प्रकार सरळ जाळीदार नळीचा. भोवती काचेच्या किंवा बेसाल्टच्या धाग्यांची लोकर ठासलेली. वायू सरळ निघून जातो, आवाज लोकरीत मुरतो. हलका, मोकळा. पण त्याची एक खोड आहे. लोकर वरचे सूर छान खाते. खालचे सूर तिला जुमानत नाहीत.

लक्षात आलं? हलका मफलर नेमके ते सूर गिळतो जे बाबांना ऐकू येत नाहीत, आणि नेमके ते शिल्लक ठेवतो जे त्यांना येतात!

लॉकडाऊनमधलं माजिवडा

ड्रॉइंग निम्म्यावर असताना मार्च २०२० आला आणि सगळंच थांबलं. तुम्ही माजिवड्याच्या नाक्यावर कधी उभे राहिला असाल तर त्या शांततेची कल्पना येईल. ईस्टर्न एक्स्प्रेस हायवे, घोडबंदर रोड, नाशिक हायवे, सगळ्यांचे लोंढे इथे येऊन मिसळतात. आमच्या गॅलरीत बसलं की चोवीस तास एक घरघर असते. ती आहे हे ती बंद पडल्यावर कळलं. पक्षी ओरडत होते. समोरच्या बिल्डिंगमधल्या भांड्यांचा आवाज येत होता.

आणि बाबांनी कानाचं मशीन काढलं. चार वर्षांपूर्वी घेतलेलं, डब्यात पडलेलं. 'ते लावलं की सगळा हायवे डोक्यात शिरतो,' म्हणून त्यांनी ते टाकून दिलं होतं. मशीन बिचारं माणसाचा आवाज वाढवतं तसा ट्रकचाही वाढवतं. आता ट्रकच नव्हते. गॅलरीत बसून आम्ही दोघं कित्येक वर्षांनी न ओरडता बोललो. प्रेसबद्दल, कंपनी बंद पडली त्या महिन्याबद्दल, आईबद्दल. एकदा ते मध्येच थांबले आणि म्हणाले, 'तुझा आवाज जाडा झालाय रे. आधी असा नव्हता.'

आधी म्हणजे कधी? मी अकरावीत असताना बहुतेक.

आर्गन, उस्ताद आणि बाबांचा अंगठा

काम पुन्हा सुरू झालं ते २०२१ च्या शेवटी. वागळेतल्याच एका गाळ्यात. तिथल्या वेल्डरला सगळे उस्ताद म्हणतात, मीही म्हणतो. बाबा म्हणाले, 'मी येतो.' गाळ्यात शिरल्यावर त्यांची चालच बदलली. पाठ सरळ. कोपऱ्यातला पाइप उचलून त्यांनी कडेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, 'हा अठरा नाही, सोळा आहे.' उस्तादने कॅलिपर लावला. सोळाच होता. त्यानंतर उस्तादने मला विचारणं सोडलं आणि बाबांना विचारायला सुरुवात केली.

बेंड आम्ही मॅण्ड्रेलवर वाकवलेले आणले. साध्या मशीनवर पाइप वाकवला की वळणावर चेपतो आणि दोन इंचाचा दीड होतो. मॅण्ड्रेलमध्ये आतून आधार असतो, गोलाई टिकते. वेल्डिंग आर्गनचं. इथे एक गंमत आहे. स्टेनलेस बाहेरून वेल्ड करताना आतल्या बाजूलाही आर्गन भरावा लागतो. नाहीतर तापलेल्या धातूला आतून हवा लागते आणि सांध्यावर काळी, खरखरीत साखर जमते. बाहेरून सांधा मोत्यांच्या सरीसारखा आणि आतून सडका. पाइपची तोंडं टेपने बंद करून आत गॅस सोडून उस्ताद शांतपणे बिडी ओढत बसायचा. मी घाई केली की म्हणायचा, 'आधी आतली हवा जाऊ दे साहेब, मग आग लावू.' आमच्या ऑफिसातल्या मीटिंग रूममध्ये हे वाक्य फ्रेम करून लावायला हवं.

कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला हात लावला नाही. तो काढून फेकणारे लोक आहेत. वजन वाचतं आणि विष बाहेर पडतं. माझा पाइप कन्व्हर्टरच्या मागून सुरू होतो आणि मध्ये फ्लँज आहे, म्हणजे चार बोल्ट आणि तीन रबरं काढली की अख्खा खाली.

पहिल्यांदा गाडी चालू केली तेव्हा सगळे खूश. गोड, घट्ट आवाज. मग मी आरपीएम वाढवत नेले आणि तीन हजारांपाशी तो आला. ड्रोन. केबिनमध्ये भरून राहणारी, डोकं धरायला लावणारी घूं. चार सिलिंडरचं इंजिन तीन हजारांना सेकंदाला शंभर स्फोट करतं, म्हणजे शंभर हर्ट्झ. लोकरीला न जुमानणारा सूर तो हाच.

यावर इलाज आहे आणि तो शाळेच्या भौतिकशास्त्रातला आहे. मुख्य पाइपला एक बंद तोंडाची नळी जोडायची. लाट त्या नळीत शिरते, शेवटी आपटून परत येते आणि बरोबर उलटी होऊन मूळ लाटेला मारते. नळीची लांबी लाटेच्या पाव असली पाहिजे. गरम वायूत ध्वनी सेकंदाला साडेचारशे मीटर धावतो असं धरलं, शंभरने भागलं, चाराने भागलं: ११२ सेंटिमीटर. नळी लावली. ड्रोन गेला नाही. खाली सत्तावीसशेच्या आसपास एक शांत खड्डा पडला आणि तीन हजारांना घूं तशीच.

आम्हाला नेमकं कुठे काय होतंय ते कळेना. इंजिनाची खडखड, फॅन, शेजारच्या गाळ्यातला ग्राइंडर, सगळ्याची भेसळ. तेव्हा बाबा मागच्या सीटवर जाऊन बसले. डोळे मिटले, तळहात सीटवर टेकला. 'चालू कर,' म्हणाले. मी हळूहळू आरपीएम चढवले. ते हात वर करायचे, खाली करायचे. हात वर म्हणजे घूं, खाली म्हणजे शांत. आमच्या कानात जो कचरा शिरत होता तो त्यांच्या कानात शिरतच नव्हता. वरचं सगळं गाळून, फक्त हवा तो सूर. तीस वर्षांच्या प्रेसने त्यांना जे करून ठेवलं होतं, ते त्या दुपारी आमचं सगळ्यात चांगलं मीटर ठरलं. मला हे लिहितानाही धड आनंद होत नाही आणि धड वाईटही वाटत नाही.

चूक माझ्या हिशेबात होती. बंद नळीतून वायू वाहत नाही, म्हणून तो मुख्य पाइपमधल्या वायूपेक्षा थंड राहतो आणि थंड वायूत ध्वनी हळू धावतो. साडेचारशे नव्हे, चारशेच्या आसपास. उस्तादने नळी थोडी थोडी कापत आणली. एक मीटरवर बाबांचा हात तीन हजारांनाही खालीच राहिला. 'गेला,' ते म्हणाले.

मग उपयोग काय?

शेवटचा हिशेब: वजन ९.७ किलो. कंपनीच्या सायलेन्सरपेक्षा साडेचार किलो कमी. मी मोठ्या अभिमानाने हे बाबांना सांगितलं. त्यांनी माझ्या पोटाकडे बघितलं आणि म्हणाले, 'एवढं तर तुझं पुढंच आहे.' आवाज: पाइपच्या तोंडापासून अर्धा मीटर, पंचेचाळीस अंशांत, ५१०० आरपीएमला मीटर धरून, फ्री फ्लो १०३ डेसिबल, कंपनीचा ८८, माझा ८९. एका डेसिबलने हरलो. पण फ्री फ्लोपेक्षा चौदा कमी, आणि डेसिबलच्या हिशेबात चौदा कमी म्हणजे ध्वनीची ऊर्जा पंचविसाव्या हिश्शावर. हॉर्सपॉवर किती वाढले ते विचारू नका. डायनोवर मोजलं नाही, म्हणून बढाई नाही.

आणि एवढं करून हा पाइप लावून मी घोडबंदर रोडला जात नाही. रस्त्यावरच्या गाडीत कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळे बदल चालणार नाहीत, हे सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलंय. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर आवाजाचे आणि धुराचे नियम मोडल्यास पहिल्या गुन्ह्याला दहा हजारांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, असं मोटार वाहन कायदा सांगतो. गप्प पाइपवर कोण कारवाई करणार, असं मित्र म्हणतात. माझं उत्तर: तीन वर्षं मी 'कोण काय करणार' याच हिशेबावर गाडी चालवली होती. आता पुरे.

म्हणून २०२२ च्या हिवाळ्यात आम्ही दोघं कंपनीचा सायलेन्सर लावलेली गाडी घेऊन तेराशे किलोमीटरवरच्या कोइम्बतूरला गेलो. नवा पाइप दोन तुकड्यांत, जुन्या चादरीत गुंडाळून मागच्या सीटवर, पेशंटसारखा. तिथला कारी मोटर स्पीडवे २.१ किलोमीटरचा. चार बोल्ट, तीन रबरं, जुना खाली, नवा वर. मी ट्रॅकवर सुटलो. गाडी हलकी वाटली का? साडेचार किलोंनी काय वाटणार! पण वळणातून बाहेर पडताना पाय दाबला की ती लगेच उचलत होती, आणि मला इंजिनाच्या आवाजाआडून टायरचा आवाज ऐकू येत होता. टायर कधी सुटणार ते आधी कळत होतं. फ्री फ्लो होता तेव्हा मला फक्त मी ऐकू यायचो.

फॉर्म्युला वनमध्ये २०१४ साली व्ही८ जाऊन १.६ लिटरची टर्बो हायब्रिड इंजिनं आली तेव्हा जगभरच्या फॅन्सनी बोंब मारली होती, की आवाज गेला. त्या मे महिन्यात मर्सिडीजने आवाज वाढवायला एक्झॉस्टला चक्क कर्णा लावून बघितला! तो चालला नाही. त्याच इंजिनाने २०१७ मध्ये टेस्ट बेंचवर इंधनातली निम्म्याहून जास्त ऊर्जा कामाला लावून दाखवली. बाबांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, 'मग? मी वेगळं काय सांगत होतो?'

पिटमध्ये परत आल्यावर त्यांनी डिकीवर तळहात ठेवला आणि मला आरपीएम चढवायला सांगितलं. बराच वेळ हात तसाच. मग दोनदा थोपटून म्हणाले, 'काही सैल नाही.'

आता तो पाइप आमच्या गॅलरीत भिंतीला टांगलेला असतो. बायकोने त्यावर मनी प्लॅण्ट सोडलाय. खालच्या मजल्यावरचं बाळ शाळेत जातं आणि मला 'गाडीवाला काका' म्हणतं. रस्त्यावर माझी व्हीटेक इतर कुठल्याही म्हाताऱ्या सिटीसारखीच गुपचूप येते, गुपचूप जाते. नाक्यावरून बाबांना ती कळत नाही. चहा तयार नसतो.

आम्ही बेलला एक दिवा जोडून घेतलाय. मी बटण दाबतो, आत दिवा लागतो. बाबा येतात, दार उघडतात, खिडक्या लावून घेतात म्हणजे हायवे बाहेर राहतो, आणि मशीन कानात बसवतात. मग आधण ठेवतात. चहा व्हायला सात-आठ मिनिटं लागतात. तेवढा वेळ आम्ही ओट्यापाशी उभे राहून बोलतो.